‘होय’चे ‘नाही’ झाले तेव्हा : योस्ट एसईओ ७.० आणि प्लगइन बदलण्याचा इतिहास

१/१३
मार्च २०१८ च्या पहिल्या आठवड्यात ‘योस्ट एसईओ’ या प्लगइनची ७.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्या काळी हे प्लगइन ५० लाखांहून अधिक संकेतस्थळांवर कार्यरत होते. नव्या आवृत्तीत एक लहानसा दोष राहून गेला. काही संकेतस्थळांवर मालकाने पूर्वी निवडलेला ‘होय’ हा पर्याय अद्ययावत होताना गुपचूप ‘नाही’ झाला. एवढ्याशा बदलाने शोधयंत्राच्या नोंदवह्यांत मोठा गोंधळ माजला आणि वर्षानुवर्षे वापरलेले साधन सोडावे का, हा प्रश्न अनेकांपुढे उभा राहिला.

२/१३
या प्रकरणाची मुळे २००३ मध्ये सापडतात. ‘बीटू’ नावाची ब्लॉगलेखनाची प्रणाली तिच्या कर्त्याकडून दुर्लक्षित झाली, तेव्हा मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी तिच्याच खुल्या संहितेवरून २७ मे २००३ रोजी ‘वर्डप्रेस’ची पहिली आवृत्ती काढली. मे २००४ मधील १.२ या आवृत्तीत प्लगइनची सोय आली. मूळ संहितेला हात न लावता तिला नवे गुण जोडता येऊ लागले. वर्डप्रेसच्या पुढील विस्ताराचा पाया येथेच घातला गेला. मार्च २०१८ पर्यंत पाहणीतील सुमारे ३० टक्के संकेतस्थळे वर्डप्रेसवर चालत होती.

३/१३
संकेतस्थळ उभारणे सोपे झाले, पण ते शोधणाऱ्याला सापडणे हा वेगळा प्रश्न होता. शोधयंत्राला पानाचे शीर्षक, थोडक्यात वर्णन, मूळ पत्ता आणि पानांची यादी हवी असते. कोणते पान नोंदवू नये, हेही सांगावे लागते. पानांची यादी देणारा ‘साइटमॅप’ गूगलने २००५ मध्ये मांडला. एकाच मजकुराचे अनेक पत्ते असतील तर मूळ कोणता, हे सांगणारी ‘कॅनॉनिकल’ खूण २००९ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एकत्रितपणे स्वीकारली. ही सारी कामे सामान्य लेखकाच्या आवाक्यात आणणारी साधने म्हणजे एसईओ प्लगइन.

४/१३
२००७ मध्ये ‘ऑल इन वन एसईओ पॅक’ आले आणि लवकरच लोकप्रिय झाले. २०१० मध्ये नेदरलँड्समधील योस्ट डे फाल्क यांनी आपले प्लगइन आणले. त्यांच्या डच नावाचा उच्चार इंग्रजी वाचकाला नीट करता यावा अशा वर्णलेखनातून ‘योस्ट’ ही मुद्रा घडली. या नव्या प्लगइनमध्ये जुन्या स्पर्धकांकडील माहिती आयात करण्याची सोय होती. त्यामुळे आधीची शीर्षके आणि वर्णने न गमावता लोकांना योस्टकडे येता आले. ही सोय पुढे उलट दिशेनेही उपयोगी पडणार होती.

५/१३
आता मूळ दोषाकडे वळू. वर्डप्रेसवर एखादे चित्र चढवले की त्या चित्रासाठीही एक स्वतंत्र पान तयार होई. त्या पानावर चित्राखेरीज बहुधा काहीच नसे. पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालात बांधलेल्या प्रत्येक चिठोऱ्याची ग्रंथसूचीत स्वतंत्र ग्रंथ म्हणून नोंद केली, तर खरा ग्रंथ शोधणाऱ्याची जी गत होईल, तीच येथे शोधयंत्राची होई. म्हणून योस्टमध्ये एक पर्याय होता: चित्राच्या पानावर येणाऱ्याला ते चित्र ज्या लेखात आहे तेथे वळवावे. जाणकार मालक तेथे ‘होय’ निवडत.

६/१३
७.० आवृत्तीत पर्यायांची मांडणी सोपी करण्यासाठी अनेक कळी हलवण्यात आल्या. जुन्या जागेवरील निवडी नव्या जागी नेताना हाच पर्याय चुकला. ज्यांनी ‘होय’ म्हटले होते, त्यांच्यापैकी काहींच्या संकेतस्थळांवर तो ‘नाही’ झाला. पडद्यावर कोणताही इशारा नव्हता. लेख जसेच्या तसे दिसत होते. मात्र आजवर दडलेली चित्रांची पाने उघडी पडली आणि शोधयंत्र ती नोंदवू लागले. ज्या संकेतस्थळावर लेख शेकड्यांत आणि चित्रे हजारांत होती, तेथे सूचीत पोकळ पानांचीच गर्दी झाली.

७/१३
दोष लवकरच उमगला आणि ७.०.३ या आवृत्तीत दुरुस्त झाला. पण ज्यांचा पर्याय आधीच बदलून गेला होता, त्यांना तो स्वतः तपासून पुन्हा ‘होय’ करावा लागणार होता. विदागारात आता फक्त ‘नाही’ उरले होते. ते मालकाने निवडलेले की दोषाने आलेले, हे त्या एका शब्दावरून कळण्याजोगे नव्हते. मे २०१८ मध्ये योस्टने हा प्रकार जाहीरपणे मांडला आणि ‘सर्च इंडेक्स पर्ज’ नावाचे वेगळे प्लगइन दिले. चित्रांची पाने कायमची काढली आहेत, असे ते ४१० या संकेताने शोधयंत्राला कळवी.

८/१३
दरम्यान ज्यांचे वाचक घटले होते, त्यांनी दोष कोणाच्या माथी मारावा? येथे इतिहासाच्या अभ्यासकाला परिचित असा पेच उभा राहतो. गूगलने १२ मार्च २०१८ रोजी सांगितले की आदल्याच आठवड्यात आपल्या मूळ क्रमवारी-पद्धतीत व्यापक बदल केला आहे. म्हणजे दोन्ही घटना जवळजवळ एकाच वेळी घडल्या. ‘प्लगइन बदलले, मग वाचक घटले’ एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही. चित्रांची किती पाने सूचीत शिरली, हे पाहिल्याखेरीज कोणत्या संकेतस्थळाला कशाचा फटका बसला, हे ठरवणे अशक्य होते. तरीही रागाच्या भरात अनेकांनी एकच कारण पक्के धरले.

९/१३
जुन्या आवृत्तीकडे परतणे हा एक मार्ग दिसत होता. वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारात प्लगइनच्या मागील आवृत्त्या उपलब्ध असतात, त्यामुळे संहिता मागे नेता येते. परंतु संहिता मागे नेल्याने विदागारातील बदललेला पर्याय मागे जात नाही. तो मिळतो फक्त आधी काढून ठेवलेल्या प्रतीत, म्हणजे बॅकअपमध्ये. ज्यांनी अद्ययावत करण्यापूर्वी अशी प्रत घेतली होती, त्यांच्याकडे ‘काल काय होते’ याचा पुरावा होता. इतरांकडे केवळ आठवण होती.

१०/१३
दुसरा मार्ग प्लगइनच बदलण्याचा. हा बदल दिसतो तितका सरळ नसतो. प्रत्येक लेखाचे शीर्षक आणि वर्णन प्लगइन स्वतःच्या नावाच्या कप्प्यात साठवते. नवे प्लगइन तो कप्पा आपोआप उघडत नाही, आयात करावी लागते. ती राहिली तर हाताने लिहिलेली वर्णने शोधयंत्राला दिसेनाशी होतात आणि ‘हे पान नोंदवू नये’ या खुणाही पुसल्या जातात. म्हणजे ज्या संकटापासून पळायचे, तेच दुसऱ्या दाराने आत येते. साइटमॅपचा पत्ता बदलू शकतो. दोन्ही प्लगइन एकाच वेळी चालू राहिली, तर एकाच पानावर दुहेरी आणि परस्परविरोधी खुणा उमटतात.

११/१३
म्हणून सावध मालकांचा क्रम ठरलेला असे. आधी संपूर्ण प्रत घ्यावी. मग शक्य असल्यास संकेतस्थळाच्या वेगळ्या नकलेवर प्रयोग करावा. आयात झाल्यावर निवडक पाने उघडून शीर्षक, वर्णन, मूळ पत्ता आणि नोंद-मनाईच्या खुणा ताडून पाहाव्यात. त्यानंतरच जुने प्लगइन बंद करावे, पण त्याची माहिती लगेच पुसू नये. शेवटी नवा साइटमॅप शोधयंत्राला कळवावा. या कामात घाईपेक्षा मोडतोड न होणे महत्त्वाचे होते.

१२/१३
नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘रँक मॅथ’ हे नवे प्लगइन वर्डप्रेसच्या भांडारात आले. योस्टमधील माहिती आयात करण्याची सोय त्यात होती. ज्या वाटेने योस्टने एकेकाळी इतरांचे वापरकर्ते आपलेसे केले, त्याच वाटेने आता त्याचे वापरकर्ते बाहेर पडू शकत होते. तरीही बहुसंख्य लोक योस्टसोबतच राहिले. २०२१ मध्ये ही कंपनी ‘न्यूफोल्ड डिजिटल’ने विकत घेतली. त्याआधी, ऑगस्ट २०२० मधील वर्डप्रेस ५.५ मध्ये, प्लगइन आपोआप अद्ययावत होऊ देण्याचा पर्याय मालकांना मिळाला होता. त्यामुळे सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळेवर पोहोचू लागल्या, आणि मालक झोपेत असताना एखादा ‘होय’ बदलण्याची शक्यताही निर्माण झाली.

१३/१३
चित्रांच्या त्या पोकळ पानांचे पुढे काय झाले? नोव्हेंबर २०२३ मधील वर्डप्रेस ६.४ पासून नव्या संकेतस्थळांवर ती मुळातच बंद ठेवली जाऊ लागली. प्लगइनला जी डागडुजी वर्षानुवर्षे करावी लागत होती, ती अखेर मूळ प्रणालीने स्वतःकडे घेतली. जुन्या संकेतस्थळांवर मात्र पूर्वीचीच रीत चालू राहिली, कारण कोणीतरी त्या पानांवर विसंबून असू शकते. मालकाला न विचारता त्याचा पर्याय बदलल्याने काय होते, हे २०१८ ने दाखवले होते. या वेळी जुन्या मालकांच्या निवडीला कोणी हात लावला नाही.