हौशी गणकयंत्रे आणि सुरांचा हिशेब

१९४० च्या मार्च महिन्यात ऑल इंडिया रेडिओने आपल्या केंद्रांवरून बाजाची पेटी हद्दपार केली. ती बंदी सैल व्हावयास १९७१ साल उजाडावे लागले. पेटी परदेशी आहे, एवढेच कारण त्यामागे नव्हते. तिचे बारा स्वर कारखान्यात एकदा ठरले की वाजवणाऱ्याला ते हलवता येत नाहीत, तिच्यातून मींड निघत नाही, आणि तिच्या संगतीत वाढलेला कान पुढे तिचेच स्वर खरे मानू लागतो, हा आक्षेप अधिक खोल होता. त्या बंदीचे समर्थन आम्ही करणार नाही. ज्या महाराष्ट्राने पेटीला गोविंदराव टेंब्यांचे हात दिले त्या महाराष्ट्राला ते शोभणारही नाही. परंतु तिच्या पोटातला प्रश्न खरा होता. वाद्य घडवणाऱ्याने दूर कोठेतरी बसून स्वर ठरवावयाचे आणि वाजवणाऱ्याने ते निमूटपणे पत्करावयाचे, हे कोठवर चालावे? हौशी माणसाच्या टेबलावर मावणारी गणकयंत्रे आणि संगीत ह्यांचा जो इतिहास आम्ही येथे सांगणार आहोत, तो वरवर पाहता परदेशी खेळण्यांचा इतिहास आहे. मात्र थोडे आत शिरले की हाच प्रश्न तेथेही दबा धरून बसलेला दिसतो.

आरंभ लहान यंत्रांनी झाला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरची पहिली गणकयंत्रे खोलीएवढी होती. त्यांतील काहींना एक भोंगा जोडलेला असे. तो संगीतासाठी नव्हे, तर हिशेब कोठवर आला, संपला की अडला, हे चालकाला ऐकू यावे म्हणून. भोंग्याला एक आज्ञा दिली की 'टक्' असा एक आवाज होई. तीच आज्ञा यंत्राने एका सेकंदात दोनशे-तीनशे वेळा दिली, की ती टकटक कानाला सुटी ऐकू येत नसे. तिचा सूर होई. ह्या युक्तीने ऑस्ट्रेलियात सिडनी येथे जेफ हिल ह्यांनी सायरॅक नावाच्या यंत्राकडून १९५१ च्या ऑगस्टमध्ये 'कर्नल बोगी' हे कूचगीत वाजवून दाखवले. त्याच वर्षी इंग्लंडात मँचेस्टर येथे ख्रिस्टोफर स्ट्रेची ह्या शाळामास्तराने फेरांटी मार्क १ ह्या यंत्रास इंग्लंडचे राष्ट्रगीत शिकवले, आणि बी.बी.सी.च्या लोकांनी ते तबकडीवर मुद्रित केले.

ते मुद्रण आज ऐकावयास मिळते, आणि ऐकणाऱ्यास प्रथम जाणवतो तो त्याचा बेसूरपणा. त्याचे कारण मोठे उद्बोधक आहे. यंत्राला दोन टकटकींमधला काळ आपल्या ठरावीक तुकड्यांनीच मोजता येई. पाच तुकडे किंवा सहा तुकडे, साडेपाच नाहीत. मग हवा असलेला स्वर पाच आणि सहा ह्यांच्या मध्ये कोठे असेल तर तो त्या यंत्राच्या जगात अस्तित्वातच नसे. गायकाचा गळा बेसूर होतो तो चुकून. हे यंत्र बेसूर होते ते हिशेब अचूक असल्यामुळे! पूर्णांकांचे हे बंधन वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढील सारी हकीकत त्याभोवती फिरते.

त्यानंतरची वीस-बावीस वर्षे गणकयंत्राचे संगीत मोठ्या संस्थांच्या आश्रयाने वाढले. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज ह्यांनी १९५७ साली त्याची शास्त्रीय पायाभरणी केली, आणि १९६१ साली तेथील यंत्राने 'डेझी बेल' हे जुने लोकप्रिय गाणे मानवी आवाजासारख्या आवाजात म्हटले. हा भाग महत्त्वाचा खरा, परंतु तो प्रयोगशाळांचा इतिहास आहे. तेथे हौशी माणसाला उंबरठ्याच्या आत प्रवेश नव्हता.

तो प्रवेश मिळाला १९७५ साली. त्या वर्षीच्या जानेवारीत 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' ह्या मासिकाच्या मुखपृष्ठावर आल्टेअर ८८०० नावाच्या यंत्राचे चित्र आले. सुटे भाग टपालाने मागवावयाचे आणि घरी बसून डाख देऊन जोडावयाचे, चारशे डॉलरच्या आतबाहेर किंमत, असा तो प्रकार होता. ह्या यंत्राला पडदा नव्हता, कळफलक नव्हता. समोर खटक्यांची एक रांग आणि लुकलुकणारे लाल दिवे. मूळ यंत्राची स्मृती अवघी २५६ अक्षरांची. यंत्र जोडून झाल्यावर त्याचे करावयाचे काय, हा प्रश्न पुष्कळांना पडला असेल.

कॅलिफोर्नियातील स्टीव्ह डॉम्पिअर ह्यांना त्याचे उत्तर अपघाताने सापडले. यंत्रावर एक आज्ञावली चालू असताना जवळच रेडिओ लागलेला होता, आणि यंत्राचे काम जसजसे बदले तसतसा रेडिओतला खरखराट बदलू लागला. विद्युन्मंडलांची उघडझाप होताना सूक्ष्म रेडिओलहरी बाहेर पडतात. आज्ञांचा एखादा फेरा ठरावीक वेगाने चालू राहिला की त्या लहरींतून एक सूर उमटतो. दुसरा कोणी असता तर त्याने त्रासून रेडिओ बंद केला असता. डॉम्पिअर ह्यांनी गिटार काढली! यंत्राच्या कोणत्या आकड्याला गिटारीवरचा कोणता स्वर जुळतो, हे एकेक करून ताडून पाहत त्यांनी सुमारे आठ तासांत सारे सप्तक मांडले.

१९७५ च्या एप्रिलमध्ये मेन्लो पार्क येथील एका शाळेत होमब्रू कॉम्प्युटर क्लब ह्या हौशी मंडळाची बैठक भरली, तेव्हा डॉम्पिअर आपले यंत्र घेऊन तेथे गेले. जमिनीवर बसून खटके वरखाली करीत त्यांनी आज्ञावलीचा एकेक आकडा यंत्रात भरला. भरून होत आला तोच वीज तुटली, आणि यंत्राची स्मृती पुसली गेली. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. अखेर यंत्रावर ठेवलेल्या लहानशा रेडिओतून बीटल्सच्या 'फूल ऑन द हिल' ह्या गाण्याची चाल उमटू लागली. ती संपते न संपते तोच यंत्राने 'डेझी' सुरू केले. बेल प्रयोगशाळेच्या महायंत्राने गायिलेले तेच गाणे आता घरी जोडलेल्या पेटीतून येत होते, आणि त्याचा अर्थ जमलेल्या मंडळींना सांगावा लागला नाही. त्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या.

आमच्या दृष्टीने ह्या प्रसंगातील खरी गोष्ट टाळ्या नव्हे, गिटार आहे. यंत्राला स्वर ठाऊक नव्हते. ते माणसाने आपल्या कानाने, आपल्या वाद्यावरून त्याला दिले.

पुढल्याच वर्षी किम-१ नावाचे, एका उघड्या पाटीवर मावणारे आणि २४५ डॉलरचे यंत्र आले. हाल चेंबरलिन ह्यांनी अशा यंत्राकडून एकाच वेळी चार स्वर काढण्याची रीत १९७७ साली 'बाइट' मासिकात समजावून दिली. रेडिओच्या खरखराटावर अवलंबून राहण्याचे दिवस तेथे संपले. कॅलिफोर्नियातच जिम हॉर्टन, जॉन बिशॉफ आणि रिच गोल्ड ह्यांनी १९७८ साली आपापली किम यंत्रे तारांनी एकमेकांस जोडून एक वाद्यवृंद उभा केला; एका यंत्राचा सूर दुसरे यंत्र जाणून घेई आणि आपले वादन बदली.

१९८२ साली कमोडोर ६४ हा घरगुती संगणक बाजारात आला. त्यातील सिड नावाची ध्वनिचिप बॉब यॅनिस ह्यांनी रचली होती. तिला तीन आवाज होते, आणि प्रत्येक आवाजाचा स्वर ० ते ६५,५३५ ह्यांपैकी एका आकड्याने सांगावयाचा असे. ह्या आकड्याची एक पायरी म्हणजे सेकंदाला सुमारे एक-सोळांश आंदोलन. मँचेस्टरच्या यंत्राचा जाडाभरडा हिशेब तीस वर्षांत इतका बारीक झाला होता. सा, रे, ग ह्यांतले काहीही ह्या चिपला ठाऊक नव्हते. तिला ठाऊक होता तो आकडा. वाटेल तो स्वर तिच्याकडे मागता येत होता. परंतु यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तकाच्या परिशिष्टात पाश्चात्य बारा स्वरांचे तयार कोष्टक छापलेले होते, आणि ते उतरून घेणे सोपे होते. स्वातंत्र्य चिपमध्ये होते, आणि सक्ती परिशिष्टात!

१९८३ साली ती सक्ती सार्वत्रिक झाली. निरनिराळ्या कारखान्यांची वाद्ये एकमेकांशी बोलावीत म्हणून मिडी नावाची एक सामाईक भाषा ठरली. ह्या कामी अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी ह्यांनी पुढाकार घेतला. ती भाषा त्यांनी सर्वांना मोफत दिली, आणि हौशी मंडळींवर ह्या औदार्याचे फार मोठे ऋण आहे. पण मिडीत स्वर म्हणजे पट्टीचा क्रमांक: ० ते १२७. साठावा क्रमांक हा मधला सा. एकसष्टावा त्यापुढचा. साठ आणि एकसष्ट ह्यांच्या मध्ये जावयाचे तर स्वर वाकवण्याची निराळी आज्ञा आहे. तिच्या १६,३८४ पायऱ्या आहेत, परंतु ती त्या वाहिनीवरच्या सर्व स्वरांना एकदमच वाकवते. पुढे ह्यावर उपाय निघाले, तरी भाषेचा मूळ पिंड पट्टीच्या वाद्याचा राहिला. रेडिओने जी पेटी हाकलली होती ती, म्हणावयाचे तर, ह्या वाटेने साऱ्या जगाच्या संगणकांत जाऊन बसली.

बारा पट्ट्यांच्या ह्या बेडीविषयीची अस्वस्थता महाराष्ट्राला नवी नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडणारे आपले इंग्रजी पुस्तक १९१० साली प्रसिद्ध केले. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयाचा गळा त्यांना प्रयोगांसाठी लाभला होता. देवल आणि ई. क्लेमंट्स ह्यांच्या हिशेबाप्रमाणे लंडनच्या मूर ह्या कारागिराने श्रुतींची पेटीही घडवली, आणि १९१६ सालच्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून वाद झाला. श्रुती नेमक्या बावीस, त्यांची प्रमाणे नेमकी हीच, हा आग्रह आम्हाला पटत नाही. परंतु स्वर मोजून पाहावा आणि आपल्याला हवा तसा वाद्यात बांधावा, ही त्यांची धडपड आदरणीय होती. तिला अडचण होती ती खर्चाची. हिशेब बदलला की नवी पेटी, नव्या पट्ट्या, आणि पुन्हा लंडनचा कारागीर.

ती अडचण इटलीतील इव्रेआ गावी २००५ साली जन्मलेल्या आर्दुइनो ह्या पाटीने दूर केली. तेथील शाळेत एर्नांदो बारागान ह्यांनी आधी केलेल्या कामावर ती उभी आहे. तिच्यावर एक मायक्रोकंट्रोलर असतो. म्हणजे हिशेब, स्मृती आणि बाहेरच्या तारा ओळखण्याची सोय एकाच चिपमध्ये. प्रचारातल्या पाटीची कामाची स्मृती अवघी दोन हजारांवर काही अक्षरे, पण तिचे घड्याळ सेकंदाला एक कोटी साठ लक्ष ठोके देते. आता देवलांच्या काळापासून चालत आलेला २४० आंदोलनांचा षड्ज घेऊ. त्याचा शुद्ध गंधार ५ ला ४ ह्या प्रमाणाने ३०० होतो. पेटीच्या समान वाटणीने तो सुमारे ३०२.४ येतो. दोन्ही एकत्र वाजवले की सेकंदाला दोनाहून अधिक लाटा कानावर आदळतात. आणि तंबोऱ्याच्या १२० आंदोलनांच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार निघतो तो ६००, म्हणजे तीनशेची नेमकी दुप्पट. तंबोऱ्याशेजारी पेटी का खुपते, ते येथे आकड्यांत दिसते.

ऋषभाचे पाहू. कोमल ऋषभ १६ ला १५ ह्या प्रमाणाने २५६ होतो. अतिकोमल २५६ ला २४३ ह्या प्रमाणाने २५२.८४. आर्दुइनोची स्वर काढण्याची तयार आज्ञा फक्त पूर्णांक घेते, म्हणून ती अतिकोमलाला २५२ तरी करील किंवा २५३ तरी. मँचेस्टरचे भूत येथे पुन्हा भेटते! परंतु येथे हौशी माणूस त्या तयार आज्ञेला बांधलेला नाही. त्याने चिपमधील घड्याळाशी सरळ बोलावे आणि दर ३१,६४१ ठोक्यांनी तार उलटी करावयास सांगावे. येणारा स्वर हव्या असलेल्या स्वरापासून एका आंदोलनाच्या शंभराव्या भागानेही ढळत नाही. श्रुतीचे प्रमाण पटले नाही तर एक आकडा बदलावयाचा. जो वाद परिषदेत शब्दांनी झाला, तो आता शाळकरी मुलाला संध्याकाळच्या वेळात कानाने ऐकून पाहता येतो.

अर्थात स्वर बरोबर आला म्हणजे नाद आला असे नव्हे. चिपच्या तारेतून निघणारा आवाज कर्कश आणि चौकोनी असतो. मिरजेचा कारागीर घोडीवर जव्हारी लावताना जे करतो, त्याची नक्कल आकड्यांनी करणे किती कठीण आहे, हे बंगळुरूच्या जी. राज नारायण ह्यांच्या विजेच्या तंबोऱ्यापासून आजवर ज्यांनी ज्यांनी प्रयत्न केला त्या सर्वांना ठाऊक आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ती विद्या कोणत्याही पाटीने कालबाह्य केलेली नाही.

दुसरी अडचण त्याहून नाजूक आहे. दरबारीचा गंधार हा एक आकडाच नव्हे. तो झुलतो. त्याला यंत्रात बांधावयाचे तर स्वराऐवजी स्वराचा प्रवास लिहावा लागेल, आणि तो प्रवास गळ्यागणिक निराळा. म्हणून अनेक हौशी मंडळी आकडे लिहिण्याचे सोडून पाटीला एक लवचिक रोधपट्टी जोडतात. बोट कोठे टेकले आहे हे ती पट्टी ० ते १०२३ ह्यांतील आकड्याने चिपला सांगते. पट्टीवर एक सप्तक पसरले, तर श्रुतींच्या गणितातले सर्वांत लहान अंतर, जे ८१ ला ८० ह्या प्रमाणाचे आणि वरील दोन ऋषभांमधले, त्यात सुमारे १८ पायऱ्या पडतात. मींड घ्यावयास तेवढ्या पुरेशा आहेत. फक्त बोट स्थिर असतानाही पट्टीचा आकडा एक-दोन घरे मागेपुढे थरथरतो, आणि ती थरथर काढून टाकण्यासाठी सरासरी फार घेतली तर तिच्याबरोबर बोटाचे आंदोलनही पुसले जाते. सरासरी किती घ्यावी ह्याचे कोष्टक कोणत्याही परिशिष्टात छापलेले नाही. तंबोरा लावून, पट्टीवर बोट ठेवून, ते ज्याचे त्याने ऐकून ठरवावयाचे आहे.