टर्मिनलवरील देवनागरी: अक्षर कोणी जुळवावे?

धाराशिव जिल्ह्यातील उमरगा तालुक्याच्या गावांची यादी एखाद्या स्क्रिप्टने टर्मिनलवर दाखवावी आणि वापरकर्ता नाव लिहू लागताच ते त्याच क्षणी पडद्यावर उमटावे, एवढेच काम आहे असे समजावे. वरवर पाहता ते क्षुल्लक आहे. परंतु ‘उमरगा’ या शब्दात वाचकास ४ अक्षरे दिसतात, युनिकोडच्या हिशेबाने ५ चिन्हे आहेत आणि यूटीएफ-८ या संकेतप्रणालीत ती १५ बाइट व्यापतात. या तीन संख्यांतील अंतर कोणी सांभाळावे, हा प्रश्न टर्मिनलच्या इतिहासाशी निगडित आहे.

टर्मिनलचा पूर्वज म्हणजे टेलिप्रिंटर. एक कळ दाबली की एक संकेत जाई, एक खिळा उमटे व गाडा एक घर पुढे सरके. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत सुरू झालेल्या युनिक्सने हीच रीत स्वीकारली. ओळ पूर्ण होईपर्यंत ती प्रणालीच्या ताब्यात राही व चुकीची दुरुस्तीही तेथेच होई. १९७८ च्या व्हीटी-१०० टर्मिनलवर कागद जाऊन ८० रकाने व २४ ओळींचा पडदा आला, तरी एक चिन्ह म्हणजे एक रकाना हे गृहीत कायम राहिले. इंग्रजीपुरते ते खरेच होते.

मराठी टंकलेखन यंत्रावर अक्षर जुळविण्याची जबाबदारी टंकलेखकाची असे. ऱ्हस्व इकार कागदावर व्यंजनाआधी दिसतो, म्हणून तो आधीच टंकावा लागे. संगणकाने उच्चाराचा क्रम मान्य केला व ‘शि’ मध्ये श प्रथम, इकार नंतर अशी साठवण ठरली. मग पडद्यावर तो मागे नेणार कोण? कानपूरच्या आयआयटीत विकसित झालेल्या व १९८८ नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या ‘जिस्ट’ तंत्राने त्याचे उत्तर दिले: ते काम यंत्रणेचे. जिस्ट कार्ड पडद्याकडे जाणारा मजकूर वाटेतच घेऊन अक्षरे जुळवी, आणि मूळ इंग्रजी आज्ञावलीस त्याची वार्ताही नसे. ही योजना त्या काळातील सर्वांत शहाणपणाची म्हणावी लागेल. कारण प्रत्येक आज्ञावलीस देवनागरी शिकविण्याऐवजी एकाच ठिकाणी शिकविणे तिने शक्य केले. १९९१ च्या ‘इस्की’ मानकात प्रत्येक चिन्हास एकच बाइट होता, हेही तिला अनुकूल होते.

युनिकोडने लिप्यांचे ऐक्य साधले, पण टर्मिनलवरील हा भार पुष्कळसा पुन्हा स्क्रिप्टवर पडला. २००८ च्या पायथन-३ पासून शब्दाची लांबी चिन्हांत मोजली जाते, अक्षरांत नव्हे. जिल्ह्याच्या नावाचेच पाहावे. २०२३ मध्ये ‘उस्मानाबाद’ जाऊन अधिकृतपणे ‘धाराशिव’ आले. पहिल्यात १० चिन्हे व ५ अक्षरे, दुसऱ्यात ७ चिन्हे व ४ अक्षरे. जुनी व नवी नावे शेजारी दाखविणारा तक्ता करताना प्रत्येक नाव चिन्हसंख्येवरून १२ पर्यंत मोकळ्या जागांनी भरले, तर हलन्ताचे चिन्ह स्वतंत्र रकाना न घेणाऱ्या टर्मिनलवर ‘उस्मानाबाद’ची ओळ एका रकान्याने आखूड पडते व तक्ता वाकडा होतो. सर्व टर्मिनले या मोजणीत एकमताने वागत नाहीत, ही अडचण निराळीच.

थेट कळ वाचताना गोष्ट अधिक नाजूक होते. ओळीची वाट न पाहणाऱ्या स्थितीत प्रणाली प्रतिध्वनी व दुरुस्ती यांतून अंग काढून घेते. बाइटमागून बाइट वाचणाऱ्या स्क्रिप्टला केवळ ‘उ’ पुरा होण्यासाठी तीन बाइट जमवावे लागतात. मागे घेण्याची कळ दाबल्यावर एक रकाना पुसणे पुरेसे होत नाही, कारण ‘शि’ मधून इकार गेला की ‘श’ चे स्थान व रूप दोन्ही बदलू शकतात. म्हणून ओळ आरंभापासून पुन्हा लिहावी, तिच्या शेवटापर्यंतची जागा मिटविण्याचा संकेत द्यावा आणि साठवून ठेवलेले फलित तत्क्षणी बाहेर ढकलावे. हे शेवटचे राहिले, तर ओळ संपेपर्यंत पडदा कोराच राहू शकतो.