‘साहेब कसे आहेत?’ : प्रस्तावना

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर बदल्या होऊन नवे न्यायाधीश रुजू झाले, की बार रूममध्ये पहिला प्रश्न निघतो, ‘साहेब कसे आहेत?’ उत्तर बहुधा आधीच्या गावाहून फोनवर येऊन पोचलेले असते. ‘ऐकून घेतात.’ ‘मुदत देत नाहीत.’ ‘ज्युनिअरला सांभाळून घेतात.’ ‘चिडतात, पण मनात ठेवत नाहीत.’ चार-पाच वाक्यांत एका माणसाच्या कामाचा हिशेब मांडला जातो आणि त्या हिशेबावर दुसऱ्या दिवशी कोणता अर्ज पुढे रेटायचा, कोणता मागे ठेवायचा, हे ठरते.

या बोलण्याकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहावे, असे आपल्याकडे फारसे कुणाला वाटलेले नाही. कायद्याचा विद्यार्थी निकालपत्र वाचायला शिकतो. तो निकाल लागेपर्यंत कोर्ट कसे चालले, हे वाचायला त्याला कुणी शिकवत नाही. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना म्हणूनच आधी एक दिलासा : इथे फार मोठे ग्रंथालय लागत नाही. तालुक्याचे न्यायालय आणि एक वही, एवढ्यावर काम सुरू होते.

नवखा माणूस आधी न्यायाधीशांचा स्वभाव पाहतो. आवाज चढला का, वकिलाला बसवले का, हसले का. ते पाहावेच, पण मुरलेला वकील पाहतो ती साक्षीची नोंद. साक्षीदार आपल्या बोलीत, मागेपुढे होत, लांबण लावत बोलतो. न्यायाधीश त्यातून वाक्य बांधतात आणि टंकलेखकाला सांगतात. समजा, साक्षीदार म्हणाला, ‘अंधार होता साहेब, पण आवाज त्याचाच वाटला.’ कागदावर उतरले, ‘मी आरोपीस आवाजावरून ओळखले.’ अंधार गेला, शंकाही गेली. अपिलात वरचे न्यायालय वाचणार तो कागद. मधल्या त्या क्षणी नेमके काय झाले, हे जाणणारे आणि त्याचा अर्थ कळणारे लोक मोजकेच, आणि त्यांत वकील पहिले. ‘साहेब, साक्षीदार असं म्हणाला नाही,’ असे वकील उठून म्हणतो तेव्हा समोरून काय येते, यावरून मी त्या न्यायाधीशांबद्दलचे निम्मे मत बनवतो. कुणी साक्षीदाराला पुन्हा विचारून वाक्य दुरुस्त करतात. कुणी म्हणतात, ‘अर्थ तोच आहे, पुढे चला.’

हरकतींचेही तसेच. हरकत घेऊनही प्रश्न विचारू दिला, तर प्रश्न, उत्तर, हरकत आणि हरकत घेणाऱ्याचे नाव लिहून घ्यावे, असे दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 18, नियम 11 सांगतो. ‘आर्ग्युमेंटच्या वेळी बघू’ म्हणून हरकत हवेत सोडणारे न्यायाधीश आणि त्या चार ओळी लिहून घेणारे न्यायाधीश, दोघेही वागायला सारखेच सौम्य असू शकतात. सौजन्यावरून कामाचा अंदाज बांधणारे इथे फसतात.

न्यायाधीशांनी किती बोलावे, हा जुना वाद आहे. पूर्वीच्या पुरावा अधिनियमाचे कलम 165, म्हणजे आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम 168, न्यायाधीशाला कोणत्याही साक्षीदाराला कधीही, कोणताही प्रश्न विचारण्याचा अधिकार देते. पक्षकाराला त्यावर हरकत घेता येत नाही. एवढा मोठा अधिकार वापरायचा कसा? हरियाणातल्या एका सत्र न्यायाधीशांनी आधीच्या जबाबावरून फिरणाऱ्या साक्षीदारांना खोट्या साक्षीबद्दल खटल्याची धमकी दिली होती. त्याच प्रकरणातल्या 1981 च्या रामचंदर निकालात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी भेद स्पष्ट केला : न्यायाधीशाने खटल्यात सक्रिय असावे, पण सरकारी वकिलाची जागा घेऊ नये आणि साक्षीदाराला घाबरवू नये. इंग्लंडमध्ये 1957 च्या जोन्स विरुद्ध नॅशनल कोल बोर्ड खटल्यात न्यायाधीशांनी इतके प्रश्न विचारले, की हरलेल्या आणि जिंकलेल्या, दोन्ही बाजूंनी अपिलात त्याबद्दल तक्रार केली आणि फेरसुनावणीचा आदेश झाला. जिंकणाऱ्याने न्यायाधीशाविरुद्ध तक्रार करावी, हा पुरावा फार दुर्मीळ. हाती लागला तर जपून ठेवावा.

कारण वकिलाच्या मताची खरी अडचण हीच आहे, की तो कधीच मधोमध उभा नसतो. मुदत अर्ज फेटाळला गेला त्याला कोर्ट ‘कडक’ वाटते. त्याच वेळी पाच वर्षे हेलपाटे घालणारा समोरचा पक्षकार सुटकेचा निःश्वास टाकतो. आणि पक्षपात केवळ हार-जितीचा नसतो. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात वकिलांनी न्यायाधीशांना दिलेल्या गुणांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. कामाच्या मोजता येण्याजोग्या बाबी जमेस धरल्यावरही स्त्रिया आणि अल्पसंख्याक न्यायाधीशांना कमी गुण पडत असल्याचे त्यात दिसले. आपल्या बार रूममध्ये ‘मॅडम फार कडक आहेत’ हे वाक्य ऐकताना तो अभ्यास आठवावा.

आपल्याकडे या मतांना कागदोपत्री जागा अशी नाहीच. संविधानाच्या अनुच्छेद 235 नुसार जिल्हा व तालुका न्यायालयांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचे; तिथे गोपनीय अहवाल लिहिले जातात, निकाली काढलेल्या प्रकरणांची युनिटे मोजली जातात. साक्ष नीट लिहून घेण्याला युनिट नाही. वकिलासमोर उरते ती तक्रार. कनिष्ठ न्यायालयाच्या न्यायाधीशांबद्दल उच्च न्यायालयाकडे सद्भावनेने केलेले निवेदन अवमान ठरत नाही, असे न्यायालय अवमान अधिनियम, 1971 चे कलम 6 सांगते. कित्येक वकिलांना हे कलम ठाऊक नसते. उलट, वकील संघाच्या क्षुल्लक तक्रारींपासून प्रामाणिक न्यायाधीशाचे संरक्षण करणे हे उच्च न्यायालयाचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये ईश्वरचंद जैन प्रकरणात म्हटले. मुंबई उच्च न्यायालयाच्या तत्कालीन मुख्य न्यायमूर्तींविरुद्ध वकिलांच्या संघटनांनी ठराव केले, त्यातून 1995 चा रविचंद्रन अय्यर निकाल आला : ठराव करून राजीनाम्यासाठी दबाव आणू नये, म्हणणे मुख्य न्यायमूर्तींपुढे, आणि ते मुख्य न्यायमूर्तींबद्दलच असेल तर सरन्यायाधीशांपुढे, मांडावे. निकाल योग्यच आहे असे मला वाटते. पण कुजबुज आणि तक्रार यांच्या मधल्या विस्तीर्ण जागेत, जिथे न्यायाधीशांचे रोजचे बरे-वाईट काम असते, तिथे बोलायचे कसे, हे त्यातून कळत नाही.

अलास्का राज्याने त्या मधल्या जागेत बांधकाम केले. 1975 च्या कायद्यानुसार तिथली न्यायिक परिषद, न्यायाधीशांना पदावर ठेवायचे की नाही या मतदानाआधी, वकील, पोलीस, ज्युरी आणि न्यायालयीन कर्मचारी यांची मते गोळा करते. प्रश्नावलीत एक साधी पण मोलाची गोष्ट आहे : मत देणाऱ्याला ते प्रत्यक्ष कामातल्या अनुभवावरून आहे, ऐकीव आहे की सामाजिक ओळखीवरून, हे सांगावे लागते. आपल्याकडे न्यायाधीशांबाबत असे मतदान नाही, ते हवे असेही मी म्हणत नाही. ती चाळणी मात्र आपल्याला उसनी घेता येईल.

सुरुवात करणाऱ्याने आपले एकही प्रकरण बोर्डावर नसेल असा दिवस निवडावा. मागच्या बाकावर बसून उलटतपास ऐकावा, हरकती आणि त्यांवरचे आदेश वेळेसह टिपावेत, वकील नसलेला पक्षकार उभा राहिला की काय होते ते वेगळे लिहावे. संध्याकाळी मताच्या शेजारी हेही लिहावे, की आज आपण कोणत्या वकिलाच्या बाजूने मनात उभे होतो. मग रीतसर अर्ज करून रोजनाम्याची आणि साक्षीची नक्कल काढावी आणि वहीशी ताडून पाहावी. जिथे दोन्ही जुळत नाहीत, तिथे पुढच्या प्रकरणांचे काम सुरू होते.