क्रीट–पिरेउस फेरीसेवा

क्रीट–पिरेउस फेरीसेवा : ग्रीसमधील क्रीट बेट आणि मुख्य भूमीवरील पिरेउस हे अथेन्सचे बंदर यांच्यामध्ये वर्षभर चालणारी सागरी प्रवासी व मालवाहतूक. बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील इराक्लिओ आणि हानिया शहराजवळील सूदा ही तिची बेटावरची प्रमुख बंदरे. इराक्लिओ ते पिरेउस हे अंतर सुमारे 175 सागरी मैल, म्हणजे जवळपास सव्वातीनशे किमी. भरते. नेहमीची बोट रात्री नऊ-दहाच्या सुमारास बेट सोडते आणि पहाटे सहाच्या आसपास पिरेउसच्या धक्क्याला लागते. उन्हाळ्यात दिवसाही फेऱ्या होतात.

क्रीट हे ग्रीसचे सर्वांत मोठे बेट. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 8,300 चौ. किमी. असून लोकवस्ती सहा लाखांवर आहे. अथेन्सला विमानाने तासाभरात पोहोचता येत असले, तरी बेटाचा रोजचा संसार बोटीवरच चालतो. हरितगृहांतले टोमॅटो आणि काकड्या, संत्री, ऑलिव्ह तेल हे सारे ट्रकांतून रात्री जहाजाच्या पोटात शिरते आणि सकाळी अथेन्सच्या बाजारांच्या वाटेला लागते. वरच्या मजल्यांवर मालट्रकांचे चालक, रजेवर निघालेले सैनिक, रेथिम्नो, इराक्लिओ व हानिया येथील विद्यापीठांतले विद्यार्थी, राजधानीतल्या मोठ्या रुग्णालयात दाखवायला निघालेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक असतात. पर्यटक यांच्यात मिसळून जातात. या सेवेचे मोजमाप पर्यटकांच्या संख्येवरून करणे म्हणूनच अपुरे ठरते. बेटावरच्या माणसाला मुख्य भूमीवर आपली गाडी किंवा शेतमाल न्यायचा, तर त्याचा रस्ता समुद्रातूनच जातो.

या मार्गावरील जहाजे रो-रो प्रकारची, म्हणजे वाहने चालवतच आत नेण्याजोगी आहेत. त्यांतली मोठी दोनशे मीटरांहून लांब भरतात. (मुंबईत भाऊचा धक्का ते मांडवा या मार्गावर 2020 मध्ये आलेली रो-रो बोट आकाराने लहान व वेगळ्या धर्तीची असली, तरी ती ग्रीसमध्ये बांधलेली आहे.) खालचे मजले वाहनांचे, वरचे प्रवाशांचे. सर्वांत स्वस्त तिकिटात डेकवर आणि बैठकीच्या दालनांत वावरता येते. त्याहून थोडे जास्त दिले की क्रमांकाची आरामखुर्ची मिळते, आणि दोन किंवा चार बिछान्यांची केबिन सर्वांत महाग. कमी पैशांत जाणारे लोक कोपरा धरून पथारी पसरतात, आणि त्याला कोणी हरकत घेत नाही. तिकीट नावावर असते. प्रवास देशांतर्गत असल्याने पासपोर्टावर शिक्का बसत नाही, मात्र ओळखपत्र जवळ लागते.

धक्क्याला लागण्याची ग्रीक पद्धत पाहण्यासारखी असते. जहाज बंदरात शिरून वळते, नांगर टाकते आणि पाठमोरे होऊन धक्क्याकडे सरकते. दोरखंड आवळले जाईपर्यंत मागचा रॅम्प खाली येऊ लागलेला असतो. पायी उतरणारे प्रवासी त्याआधीच सामानासह वाहनतळाच्या मजल्यावर गोळा झालेले असतात, आणि काही मिनिटांत माणसे व ट्रक एकाच दारातून बाहेर पडतात. थोड्या वेळात पुष्कळ काम उरकण्याची ही सवय धोक्याचीही आहे. 5 सप्टेंबर 2023 रोजी पिरेउसमध्ये इराक्लिओला निघालेल्या जहाजाच्या रॅम्पवर धावत चढू पाहणाऱ्या प्रवाशाला खलाशांनी मागे लोटले. तो पाण्यात पडून मरण पावला आणि जहाज पुढे निघाले. देशभर संतापाची लाट उसळली व काही दिवसांत नौवहन मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. वेळापत्रक माणसापेक्षा मोठे झाले की काय घडते, हे ग्रीक जनतेने त्या दिवशी चित्रफितीत पाहिले.

क्रीटच्या लोकांना मात्र याहून मोठ्या अपघाताची आठवण आहे. सूदाहून पिरेउसला निघालेले ‘इराक्लिओन’ हे जहाज 8 डिसेंबर 1966 च्या पहाटे फाल्कोनेरा या खडकाळ बेटाजवळ बुडाले. मूळचे हे ब्रिटिश जहाज 1949 मध्ये ग्लासगोत बांधलेले, ‘लीस्टरशर’ नावाने ब्रह्मदेशाच्या मार्गावर चाललेले. ग्रीक मालकाने ते 1964 मध्ये विकत घेऊन त्याची वाहने नेणारी बोट बनवली. त्या रात्री वादळात नीट न बांधलेला एक शीतवाहक ट्रक सुटला, हेलकाव्यांबरोबर आपटत राहिला आणि बाजूचे लोखंडी दार फुटून पाणी आत घुसले. वीस मिनिटेही न लागता जहाज तळाशी गेले. दोनशेहून अधिक माणसे मेली. पन्नासही वाचली नाहीत. चौकशीत जहाजाच्या सुरक्षा-व्यवस्थेची हेळसांड उघड झाली. कंपनीचे मालक व व्यवस्थापक यांना 1968 मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली.

पुढे जे घडले ते या सेवेच्या इतिहासातले सर्वांत मोलाचे पान म्हणावे लागेल. 1967 मध्ये हानियात ‘आनेक’ ही नौवहन कंपनी स्थापन झाली. बेटाच्या पश्चिमेकडील किस्सामोसचे बिशप इरिनेओस यांनी त्यासाठी गावोगावच्या लोकांना उभे केले, आणि शेतकरी, दुकानदार, शिक्षक अशा हजारो सामान्य माणसांनी भाग विकत घेतले. आपल्या मुलाबाळांना नेणारी बोट आपल्याच मालकीची असावी, एवढी साधी मागणी त्यामागे होती. तिचे पहिले जहाज 1970 मध्ये सुरू झाले. त्याचे नाव ‘किदोन’, हानियाच्या पुराणप्रसिद्ध संस्थापकाचे. इराक्लिओच्या लोकांनी त्याच धर्तीवर 1972 मध्ये ‘मिनोअन लाइन्स’ काढली. क्नोसोस, फेस्तोस हे प्राचीन राजवाडे, लातो व लिसोस ही जुनी नगरे, क्रीटमध्ये जन्मलेले पंतप्रधान एलेफ्थेरिओस वेनिझेलोस अशी नावे पुढे या कंपन्यांच्या जहाजांवर झळकली. प्रवाशाला ती केवळ नावे वाटत नसत, कारण जहाजात त्याच्या घरातल्या कोणाचा तरी भाग असे.

ही मालकी टिकली नाही. कर्जे वाढली, स्पर्धा वाढली. युरोपीय नियमांनुसार ग्रीसचे अंतर्गत जलमार्ग या शतकाच्या सुरुवातीला खुले झाले. ‘मिनोअन’वर 2008 मध्ये इटलीच्या ग्रिमाल्डी समूहाचे नियंत्रण आले, आणि ‘आनेक’ 2023 च्या अखेरीस अथेन्सच्या अटिका समूहात विलीन झाली. जहाजे अधिक मोठी, अधिक वेगवान आहेत. पण भाडे किती असावे, हिवाळ्यात फेऱ्या किती असाव्यात, हे ठरवणाऱ्या बैठकीत क्रीटच्या शेतकऱ्याला आता जागा नाही. हा तोटा ताळेबंदात दिसत नसला, तरी तो खरा आहे.

सुरक्षेचे नियम अपघातांमागून कडक होत गेले. 26 सप्टेंबर 2000 रोजी पारोस बेटाजवळ ‘एक्सप्रेस सामिना’ खडकावर आदळून ऐंशीहून अधिक लोक मेले, त्यानंतर जुन्या जहाजांविषयीचे धोरण पुन्हा तपासले गेले. वारा साधारणपणे 8 बोफर्टला पोहोचला (ताशी 62 ते 74 किमी.), की तटरक्षक दल जहाजांना सुटण्यास मनाई करते, वेगवान हलक्या बोटींसाठी ही मर्यादा त्याहून कमी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून वाहणारे मेल्टेमी वारे आणि हिवाळ्यातली दक्षिणेची वादळे यांमुळे अशी मनाई होत राहते. परतीचे विमान पकडायचे असेल, तर मध्ये एक मोकळा दिवस ठेवणे शहाणपणाचे. ज्यांना बोट लागते त्यांनी जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरची केबिन घ्यावी.

पिरेउसला उतरल्यावर अथेन्सच्या मध्यभागी जाण्यासाठी मेट्रोचे दोन मार्ग आहेत. मार्ग क्र. 1 हा 1869 मध्ये रेल्वे म्हणून सुरू झाला. मार्ग क्र. 3 हा 2022 मध्ये बंदरापर्यंत आला आणि त्याने विमानतळाशी थेट जोडणी दिली.

बेटाच्या पश्चिम टोकाकडून आणखी एक, फारशी कोणी दखल न घेतलेली वाट आहे. किस्सामोसहून निघणारी बोट अँटिकिथिरा व किथिरा ही बेटे घेत पेलोपोनीस द्वीपकल्पाला जाते. एवढ्या थोड्या उतारूंवर ती स्वबळावर चालू शकत नाही, म्हणून सरकार तिला अनुदान देते. अँटिकिथिरावर जेमतेम काही डझन माणसे कायम राहतात. तिथे विमानतळ नाही. डाक, औषधे आणि सामानसुमान बोटीनेच येते, आणि समुद्र खवळला तर त्यासाठी अनेक दिवस वाट पाहावी लागते.