मुंडे घराणे
बीड जिल्ह्यातील परळी तालुक्याच्या नाथ्रा गावचे राजकीय घराणे. गोपीनाथ पांडुरंग मुंडे (१२ डिसेंबर १९४९–३ जून २०१४) यांनी शेतकरी कुटुंबातून येऊन १९८० मध्ये रेणापूरमधून विधानसभा गाठली. ते विरोधी पक्षनेते, उपमुख्यमंत्री व गृहमंत्री (१९९५–९९) आणि केंद्रीय ग्रामविकासमंत्री झाले. दिवाळीनंतर कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या फडावर जाणारे ऊसतोड मजूर हा त्यांचा खरा आधार होता. पत्नी प्रज्ञा या भाजप नेते प्रमोद महाजन यांच्या भगिनी.

गोपीनाथ यांच्या दिल्लीतील अपघाती निधनानंतर झालेल्या बीड लोकसभा पोटनिवडणुकीत कन्या प्रीतम सुमारे ६ लाख ९६ हजार मतांनी निवडून आल्या. ज्येष्ठ कन्या पंकजा २००९ पासून परळीच्या आमदार होत्या. गोपीनाथ यांचे पुतणे धनंजय भाजप सोडून राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये गेल्यावर घर दुभंगले. परळीत २०१४ मध्ये पंकजा, तर २०१९ मध्ये धनंजय विजयी झाले. २०२४ मधील लोकसभा निवडणुकीत पंकजा पराभूत झाल्या, पुढे विधान परिषदेवर गेल्या. डिसेंबर २०२४ मध्ये पंकजा व धनंजय दोघेही राज्याच्या एकाच मंत्रिमंडळात होते. ४ मार्च २०२५ रोजी धनंजय यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राज्याच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाला गोपीनाथ मुंडे यांचे नाव आहे.