‘सा. न. वि. वि.’ पासून ‘एल ओ एल’ पर्यंत

भाषेंत नवा शब्द शिरला कीं वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते, आणि तो शब्द घरांत आणणाऱ्या मुलांना त्या आठीचें हंसूं येतें. हें दृश्य जुनेंच आहे. आज तें पुन्हां घरोघरीं दिसत आहे. नातवाचा मोबाइल फोनवर निरोप येतो, त्याच्या शेवटीं तीन रोमन अक्षरें असतात, आणि आजोबा चष्मा पुसून तीं पुन्हां पुन्हां वाचतात. अर्थ मात्र लागत नाहीं. विचारावें तर कमीपणा वाटतो, न विचारावें तर निरोप अर्धाच राहतो. अशा वेळीं ‘भाषा बुडाली’ असा निकाल देण्यापूर्वीं या अक्षरांची कुळकथा पाहणें इष्ट होय.

तिचा पहिला अध्याय अमेरिकेंतील बोस्टन शहरांत घडला. १८३८ च्या सुमारास तेथील वृत्तपत्रकारांत वाक्प्रचारांचीं नुसतीं आद्याक्षरें लिहिण्याची, आणि गंमत म्हणून तीं मुद्दाम अशुद्ध लेखनावरून घेण्याची टूम निघाली होती. २३ मार्च १८३९ रोजीं ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’ या पत्रांत ‘ऑल करेक्ट’, म्हणजे ‘सर्व ठीक’, या अर्थीं ‘ओ. के.’ हीं अक्षरें छापलीं गेलीं. शुद्ध इंग्रजींत त्या शब्दांचीं आद्याक्षरें ना ‘ओ’ ना ‘के’. विनोद तो एवढाच. पुढल्याच वर्षीं, १८४० च्या अध्यक्षीय निवडणुकींत, मार्टिन व्हॅन ब्यूरेन यांना त्यांच्या किंडरहुक या गांवावरून ‘ओल्ड किंडरहुक’ म्हणत, आणि त्यांच्या पाठीराख्यांनीं तींच दोन अक्षरें घोषणा म्हणून गाजविलीं. व्हॅन ब्यूरेन पडले, अक्षरें टिकलीं. त्या टूमींतील इतर बहुतेक अक्षरें लोक विसरून गेले, पण ‘ओके’ हा शब्द आज मराठी घरांतील आजीहि सहज उच्चारते. ॲलन वॉकर रीड या अमेरिकन भाषाभ्यासकानें १९६३-६४ मध्यें जुन्या वृत्तपत्रांच्या आधारें ही जन्मकथा उजेडांत आणली. तोंपर्यंत या शब्दाच्या उगमाविषयीं नाना तर्क चालत असत.

दुसरा अध्याय अधिक मौजेचा आहे. ‘ओ एम जी’, म्हणजे ‘अरे देवा!’, हा उद्गार आजच्या पोरांनीं काढला अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु ब्रिटिश आरमाराचे निवृत्त ॲडमिरल लॉर्ड फिशर यांनीं ९ सप्टेंबर १९१७ रोजीं विन्स्टन चर्चिल यांस लिहिलेल्या पत्रांत हींच अक्षरें आढळतात. सरदारकीची एक नवी पदवी निघणार अशी वार्ता होती. तिची थट्टा करतांना त्यांनीं तीं वापरलीं. फिशर यांचें वय तेव्हां ७६ वर्षांचें होतें! आणि वाचणाऱ्याची अडचण होऊं नये म्हणून त्यांनीं पुढें कंसांत त्यांचा अर्थहि लिहून टाकला होता. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

‘एल ओ एल’, म्हणजे ‘मोठ्यानें हंसलों’, हीं अक्षरें १९८० नंतरच्या दशकांत, तारांनीं जोडलेल्या संगणकांवर गप्पा मारणाऱ्यांमध्यें रूढ झालीं. समोरच्याचें तोंड दिसत नाहीं, तेव्हां आलेलें हंसूं कळवावें कसें, ही त्यांची अडचण होती. पुढें ३ डिसेंबर १९९२ रोजीं इंग्लंडांत मोबाइल फोनवर पहिला लेखी निरोप गेला. अशा एका निरोपास १६० अक्षरांची मर्यादा असे, आणि त्या काळच्या आंकड्यांच्या कळांवर एकेक अक्षर उमटविण्यास तीच कळ दोनदां, तीनदां, प्रसंगीं चारदां दाबावी लागे. तेथें संक्षेप हा आळस नव्हता, सोय होती. मार्च २०११ मध्यें ‘ऑक्सफर्ड’च्या बृहत्कोशानें हे दोन्ही संक्षेप दाखल करून घेतले.

मात्र खुणेचा अर्थ उभयतांस ठाऊक नसेल तर अनर्थ ओढवतो. ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन हे ‘एल ओ एल’चा अर्थ ‘खूप खूप प्रेम’ असा समजून आपल्या निरोपांच्या शेवटीं तीं अक्षरें घालीत. पुढें खरा अर्थ कळल्यावर त्यांनीं तें थांबविलें, अशी साक्ष मे २०१२ मध्यें एका चौकशीपुढें झाली. पंतप्रधानांच्या बाबतींत तो हंसण्याचा विषय झाला; पण कोणाच्या घरीं मृत्यु घडला असतां सांत्वनाच्या चार ओळींखालीं हीं अक्षरें पडलीं, तर सांत्वनाची थट्टा होईल.

मराठी घरानें या चालीस परकी म्हणण्यापूर्वीं आपली जुन्या पत्रांची पेटी उघडून पाहावी. ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजश्री, ‘ती.’ म्हणजे तीर्थरूप, ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे साष्टांग नमस्कार विनंति विशेष, ‘अ. उ. आ.’ म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद. १८७९ सालीं हिंदुस्थानांत पोस्टकार्ड सुरू झालें, आणि त्या वीतभर कागदावर साऱ्या घरादाराची खुशाली बसवितांना हे संक्षेप फारच उपयोगीं पडले. तारेला तर शब्दागणिक पैसे पडत. म्हणून शुभेच्छांच्या तारांसाठीं ठराविक वाक्यांना आंकडे दिलेले असत. तो आंकडा लिहिला कीं विवाहाचें अभिनंदन पोंचे. २०१३ च्या जुलैंत तारेची ती सेवा बंद झाली, आणि त्या आंकड्यांचा अर्थ जाणणारेहि आतां विरळ होत चालले.

तात्पर्य, लेखनाचें साधन बदलतें तसा संक्षेप बदलतो. डेव्हिड क्रिस्टल या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञानें २००८ च्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें, कीं शब्दाची अशी मोडतोड करून खेळावयाचें तर मूळ शब्द आधीं नीट माहीत असावा लागतो. सबब मुलांच्या भाषेची धास्ती अवास्तव आहे. अर्जांत वा परीक्षेच्या उत्तरांत हीं अक्षरें शोभत नाहींत हें खरें. तो विवेक मुलांना शिकविलाच पाहिजे.

परंतु खरी हानि शब्दांची नव्हे, माणसांची आहे. आजोबांना नातवाचें हंसूं वाचतां येत नाहीं, आणि नातवाला आजोबांच्या पत्रांतील ‘अ. उ. आ.’ हीं अक्षरें लागत नाहींत. त्याच्याच नांवें लिहिलेला आशीर्वाद त्या पेटींत न वाचतांच पडून राहतो. उपाय शाहत्तर वर्षांच्या फिशरसाहेबांनीं केला तोच आहे: खूण वापरावी, आणि समोरच्यास ती ठाऊक नसेल तर कंसांत अर्थ लिहावा. नातवानें आजोबांस तीन अक्षरें समजावून द्यावीं. आजोबांनीं एखाद्या रविवारीं पेटी उघडून नातवास जवळ बसवावें.