रोस्टरवरची जागा : पालवणकर बंधूंनी विचारलेला प्रश्न

रोस्टर हा शब्द आपल्या तरुणांना शिकवावा लागत नाही. प्राध्यापक भरतीत २०१८ मध्ये विद्यापीठाऐवजी विभाग हे एकक धरले गेले, तेव्हा १३ पॉइंट रोस्टरचा हिशेब चहाच्या टपरीवर बसून आपण एकमेकांना समजावून सांगितला होता. त्या यादीत अनुसूचित जातीचा पहिला बिंदू सातवा. ज्या विभागात सहाच जागा, तिथे आपली पाळी येणारच नाही. आंदोलन झाले, ५ मार्च २०१९ ला भारत बंद झाला, दोन दिवसांत अध्यादेश निघाला. यादी कशी बनते आणि ती कोण बनवतो, हे न विचारणाऱ्याला यादीत जागा मिळत नाही, हे आपण तेव्हा अनुभवाने शिकलो.

पण हाच प्रश्न आपण मैदानावर विचारत नाही. तिथे मात्र आपण चटकन मान्य करतो की खेळात जात नसते, जो चांगला खेळतो तो संघात जातो.

नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे पुण्यात मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या कक्षेत येतात. नांदेडहून पुणे साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, लातूरहून सव्वातीनशेच्या. भीमजयंतीच्या टेनिस बॉल स्पर्धेत सहा चेंडूंत सामना फिरवणारी पोरे आमच्या प्रत्येक वस्तीत आहेत. लेदर बॉल, पॅड, शूज, रात्रीची बस आणि दोन दिवसांची बुडालेली मजुरी, एवढे सगळे जमले तर तो पोरगा निवड चाचणीला पोहोचतो. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, म्हणजे संघातली जागा ही उद्याची भाकरीसुद्धा आहे. मराठवाड्यातून मुले वर जात नाहीत असे नाही. जालन्याचा विजय झोल २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताचा कर्णधार होता. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ च्या विश्वविजेत्या संघात होता, बीडचा सचिन धस २०२४ च्या अंतिम सामन्यात खेळला. त्यांचा आम्हाला अभिमान आहे. पण दहा-बारा वर्षांत बोटावर मोजता येतील अशी नावे दाखवून दार सताड उघडे आहे असे कुणी सांगू लागले, तर आधी इतिहास उघडावा लागेल.

गोलंदाजी चालेल, फलंदाजी नको

बाळू पालवणकर चांभार समाजातले. जन्म धारवाडचा, बालपण पुण्याचे, वडील लष्कराच्या नोकरीत. पुण्यात पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडणे आणि रोलर फिरवणे हे त्यांचे पहिले काम, पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या क्लबात गेले, पगार झाला ४ रुपये. तिथे जाळी बांधणे, खेळपट्टी आखणे आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करणे हे काम होते. जे. जी. ग्रेग या नामांकित फलंदाजाला बाळू तासन्‌तास चेंडू टाकत. डाव्या हाताची ती फिरकी तिथेच घडली. पण त्यांच्या हातात बॅट कुणी दिली नाही. राबण्याचे काम यांचे, मिरवण्याचे साहेबांचे!

पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते. ज्याच्यावर साहेब सराव करत होता, तो गोलंदाज आपल्याकडे असावा असे काहींना वाटले. त्यावर संघात वाद झाला. शेवटी बाळूंना घेतले, कारण जिंकण्याची गरज होती. समतेचा साक्षात्कार वगैरे कुणाला झाला नव्हता. याचा पुरावा चहाच्या वेळेला मिळत असे. मैदानावर बाळूंनी हाताळलेला तोच चेंडू सगळे हाताळत, पण चहा मात्र बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवणाला वेगळी जागा. विटाळ चेंडूला लागत नव्हता, कपाला लागत होता!

प्लेगच्या दिवसांत कुटुंब मुंबईला आले. बाळू हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले, रेल्वेत नोकरीला लागले. १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या सामन्यात बाळूंनी ८ बळी घेतले. त्यांचे भाऊ शिवरामही त्या संघात होते.

१९११ मध्ये पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. पतियाळाचे महाराज कर्णधार. या संघाची निवड कशी झाली होती? पारशी सहा, हिंदू पाच, मुसलमान तीन, असा वाटा ठरवून! म्हणजे देशाच्या पहिल्या क्रिकेट संघाच्या यादीतच प्रतिनिधित्वाचे सूत्र होते. आज खेळात वाटा मागितला की नाक मुरडणाऱ्यांना हे माहीत नसते. हिंदूंच्या पाचांपैकी दोघे पालवणकर होते. संघ वाईट हरला, पण बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी घेतले. लीस्टरशायरवरच्या विजयात ११ बळी बाळूंचे, सॉमरसेटला हरवणारे नाबाद शतक शिवरामांचे. परत आल्यावर मुंबईतल्या अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या तरुण भीमरावांनी लिहिले होते.

कर्णधारपद कुणाचे?

आता गुणवत्ता सिद्ध झाली होती. मग बाळू कर्णधार झाले का? नाही. वर्षामागून वर्ष ते पद उच्चवर्णीय खेळाडूकडेच गेले. एम. डी. पै यांनी एका समारंभात हा मान बाळूंचा होता असे स्वतः बोलून दाखवले. ज्याला खुर्ची मिळाली तोच म्हणतो ती दुसऱ्याची होती, आणि तरी खुर्ची हलत नाही. याला व्यवस्था म्हणतात.

१९२० मध्ये बाळूंना संघातूनच वगळले. पै आजारी होते, तर कर्णधारपद शिवराम आणि विठ्ठल या अनुभवी भावांना डावलून दि. ब. देवधरांना देण्यात आले. तेव्हा दोघे भाऊ संघातून बाहेर पडले आणि आपल्यावरचा अन्याय निवेदन काढून जाहीर केला. आपल्या जातीमुळे हे होते आहे, हे त्यांनी लपवले नाही. गवगवा झाला. पुढच्या सामन्यासाठी बाळूंना परत बोलावले गेले, उपकर्णधार केले गेले, आणि पै मैदानाबाहेर गेल्यावर काही काळ संघाचे नेतृत्व बाळूंनी केले.

ते वर्ष लक्षात घ्या. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ सुरू झाला. मार्चमध्ये माणगाव परिषद झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस दोन खेळाडू संघातली हातची जागा सोडून देतात आणि न्याय मागतात. एकटा खेळाडू एकट्याच्या बळावर बोलत नसतो, समाज बोलू लागला की खेळाडूला कंठ फुटतो.

१९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघाने युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली. जयजयकार झाला. पण चारच वर्षांनी, १९२७ च्या मार्चमध्ये, महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याले म्हणून आपल्या माणसांची डोकी फुटली. विठ्ठलांच्या डोक्यावर कर्णधाराची टोपी आली, म्हणून गावातल्या अस्पृश्याच्या ओंजळीत पाणी आले नाही. एकाच्या यशाला समाजाची मुक्ती समजू नका, हे आम्ही म्हणतो ते यासाठी.

अमेरिकेतली हीच गोष्ट

बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबियात शिकले, १९४६ मध्ये त्यांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, १९७२ मध्ये ब्लॅक पँथरवरून आपल्या पँथरचे नाव आले. म्हणून तिकडचा एक धडा इथे घ्यावा लागतो.

अमेरिकन फुटबॉल हा त्यांचा सर्वात मोठा धंदेवाईक खेळ. हंगामाआधीच्या शिबिरात एका संघाकडे सुमारे ९० खेळाडू असतात, शेवटच्या रोस्टरवर राहतात ५३. धावत जाऊन लांबचा चेंडू झेलणाऱ्याला वाइड रिसीव्हर म्हणतात. त्या जागांसाठी डझनभर तरुण झगडतात, पाच-सहा टिकतात. चेंडू कुणाकडे फेकायचा हे ठरवणारा, मैदानावरचा सेनापती, म्हणजे क्वार्टरबॅक.

१९३४ ते १९४५ या लीगमध्ये एकही काळा खेळाडू नव्हता. १९४६ मध्ये दार उघडले. मग काळे तरुण संघात आले, पण कुठे? धावण्याच्या, झेलण्याच्या जागी. डोके चालवण्याची जागा गोऱ्यांसाठी राखीव. मार्लिन ब्रिस्को याने १९६८ मध्ये डेन्व्हर संघाकडून क्वार्टरबॅक म्हणून उत्तम खेळ केला. पुढच्या हंगामात त्या जागेच्या स्पर्धेतही त्याला ठेवले नाही. तो दुसऱ्या संघात गेला, तिथे त्याला वाइड रिसीव्हर बनवले. रोस्टरवर जागा मिळाली, सूत्रे गेली. १९७० मध्ये जॉन लॉय आणि जोसेफ मॅकएल्व्होग या समाजशास्त्रज्ञांनी आकडे मांडून दाखवले की निर्णयाच्या मध्यवर्ती जागांवर गोरे आणि कडेच्या जागांवर काळे, अशी वाटणी पद्धतशीर आहे. काळ्या क्वार्टरबॅकने अजिंक्यपद जिंकायला १९८८ उजाडले. तो डग विल्यम्स.

बाळूंना गोलंदाजी चालेल पण बॅट नको, आणि ब्रिस्कोने झेलावे पण फेकू नये. यात काय फरक आहे? वर्ण असो वा जात, चाल एकच आहे. कष्टाच्या जागेवर घ्यायचे, निर्णयाच्या जागेवरून हाकलायचे.

अडचणीचे पान

आता एक अडचणीचे पानही वाचले पाहिजे. १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू पालवणकर बाबासाहेबांच्या विरोधी बाजूला होते. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने त्यांना थेट बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. ज्या समाजाने त्यांना आयुष्यभर कर्णधारपद दिले नाही, त्याच समाजाच्या पक्षाला निवडणुकीत त्यांची आठवण झाली. बाबासाहेबांना हरवण्यासाठी!

म्हणून बाळूंना विसरायचे का? नाही. त्यांची राजकीय भूमिका आम्हाला मान्य नाही, ती चूक होती असेच आम्ही म्हणू. पण त्यांच्यावर झालेला अन्याय आपला इतिहास आहे आणि त्यांच्या भावांचे १९२० चे निवेदन ही आपली परंपरा आहे. वापर करून घेणाऱ्यांच्या हाती आपला माणूस का सापडतो, याचे उत्तरही त्यात आहे. पाठीशी स्वतःची संस्था नसली की मोठा खेळाडूसुद्धा दुसऱ्याच्या संघातला राखीव खेळाडू होतो.

मग नांदेड-लातूरने काय करावे?

आपल्या दोन जिल्ह्यांना जागेची किंमत कुणी सांगू नये. विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांनी प्राण दिले. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. कमानीवरच्या एका नावासाठी सोळा वर्षे लढणारा समाज निवड समितीच्या यादीसमोर गप्प का बसतो?

लातूर पॅटर्नने महाराष्ट्राला एक गोष्ट दाखवली. गुण आभाळातून पडत नाहीत, ते शिकवणी, सराव आणि व्यवस्थेतून तयार होतात. मग मैदानावरच्या गुणवत्तेला तेवढे जन्मजात का मानायचे?

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. भीमजयंतीच्या स्पर्धेत बक्षिसाची रक्कम वाढवण्याआधी धावफलक नीट लिहा, आकडे जपून ठेवा, कारण आकडा नसलेल्या खेळाडूला कुणीही नाकारू शकतो. वर्गणीतून दोन लेदर बॉल किट घ्या, ती वस्तीची राहू द्या. चाचणीला जाणाऱ्या पोराच्या बसभाड्याची सोय मंडळाने करावी. निवड कोण करणार, निकष काय, यादी कधी लागणार, हे लेखी विचारा. आणि सर्वात महत्त्वाचे, आपल्यातून पंच, गुणलेखक, प्रशिक्षक आणि क्रीडा शिक्षक तयार करा. विठ्ठल पालवणकरांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे मराठीतले आत्मचरित्र १९४८ चे आहे, ते मिळवून वाचा, वस्तीतल्या पोरांना वाचायला द्या.

शासनकर्ती जमात व्हा, हे बाबासाहेबांचे सांगणे फक्त विधानसभेपुरते नव्हते. चेंडू टाकणारे हात आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीही होते. यादी लिहिणारे हात तयार करणे, हे आता आपले काम आहे.

जय भीम!